राहिलेलं वगळून

ड्रॉपरमधला शेवटचा थेंब गालाच्या आत सोडून तिने बाळाची हनुवटी बोटाने वर धरली. गिळल्याशिवाय सोडायचं नाही. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं, गिळलं, आणि गुलाबी लाळ हनुवटीवरून ओघळली. तिने ती ओल्या फडक्याने पुसली, फडकं नळाखाली धरून घट्ट पिळलं आणि तापाच्या औषधाची बाटली मिक्सरच्या मागे सारली. बाथरूममधला शॉवर अजून चालू होता.

ताप फार नव्हता. हाताला लागत होता, एवढंच. पण पाळणाघरातल्या ताई दारातच प्रत्येक बाळाच्या कपाळाला हात लावत, आणि हाताला गरम लागलं की बाळ आल्या पावली परत. आज परत आलेलं बाळ कुठे ठेवायचं याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. दुपारी ऑफिसात तिचा डेमो होता. औषधाचा अंमल तोवर टिकेल, डेमो आटपला की ती स्वतःच जाऊन बाळाला घेऊन येईल, कुणाला काही कळायचं कारण नाही. हा हिशेब तिने पहाटे बाळाच्या पाठीवर हात ठेवून पडल्या पडल्या केला होता, आणि तो चुकेल असं तिला वाटत नव्हतं. तिचे हिशेब सहसा चुकत नसत. चुकायचं काम घरात दुसऱ्याकडे होतं.

टेबलावर लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर हिरव्या ओळी भराभर खाली सरकत होत्या. तिची शेवटची तालीम.

कंपनीचं कोड एका जागी नव्हतं, डझनभर रेपोंमध्ये विखुरलेलं होतं. रेपो म्हणजे एकेका गटाचं एकेक कपाट. नव्या मशीनवर काम सुरू करायचं तर या सगळ्या कपाटांतला माल आणायचा, मांडायचा, एकमेकांना जोडायचा. हे हमालीचं काम करणारं एक टूल होतं. ते तिच्या नवऱ्याने लिहिलं होतं, लग्नाच्याही आधी, आणि मुलगा बापावर जावा तसं ते त्याच्यावर गेलं होतं. पहिलं कपाट उघडायचं, माल आणायचा, मांडायचा, हात झटकायचे, मग दुसऱ्याकडे वळायचं. मधलं एखादं कपाट उघडलं नाही, नेटवर्क जरा अडखळलं, तर तोवर आणलेलं सगळं पुसून टाकायचं आणि पुन्हा पहिल्या कपाटापाशी जाऊन उभं राहायचं. पहिले पाढे पंचावन्न. कंपनीत नवा माणूस आला की त्याची पहिली सकाळ या टूलकडे बघत चहा पिण्यात जाई.

तिने ते मुळापासून बदललं होतं. सगळी कपाटं एकदम उघडायची. जे आधीच घरात आहे ते पुन्हा आणायचं नाही, त्यात बदललेलं तेवढंच आणायचं. आणि एखादं अडलं तर त्याच्यासाठी गाडं थांबवायचं नाही. त्याला बाजूला ठेवून बाकीचं मांडायला घ्यायचं. त्या सोयीचं नाव तिने ठेवलं होतं, ‘राहिलेलं वगळून पुढे’. टूलचे सगळे संदेश नवऱ्याने हौसेने मराठीत लिहिले होते, तेवढी एक परंपरा तिने पाळली.

शॉवर थांबला. केस पुसत तो बाहेर आला आणि बाळाची पिशवी भरायला लागला. आतल्या खोलीतून डायपर आणले, दाराजवळच्या पिशवीत ठेवले. पुन्हा आत गेला. एक झबलं आणलं, ठेवलं. पुन्हा आत गेला.

“एकदम आणता येत नाही का रे? दोन हात दिलेत ना देवाने?”

“एक एक आणलं की चुकत नाही.”

“आणि संध्याकाळ होते.”

तो हसला. तो नेहमी हसायचा, हेच तिला सहन होत नसे. टोमणा मारला की माणसाने उलटून काही बोलावं, दार तरी आपटावं. याला टोमणा मारणं म्हणजे उशीत बुक्की मारणं. दुधाची बाटली हातात धरून तो ओट्याकडे बघत राहिला.

“हिचं टोपण दिसत नाही.”

“मग?”

“मग बघतो, आणखी काय काय राहिलंय ते.” आणि त्याने भरलेली पिशवी जमिनीवर पालथी केली.

तिने डोळे मिटले. हसावं की रडावं कळेना. “अरे, एक टोपण नाही तर सगळं बाहेर? दुसरी बाटली घे की!”

“अर्धवट भरलेली पिशवी सगळ्यात वाईट गं. भरलीय असं वाटतं, आणि तिथे गेल्यावर कळतं.”

हेच वाक्य त्याने तिला टूलबद्दलही ऐकवलं होतं. अर्धवट आलेलं सगळ्यात वाईट, पूर्ण आहे असं वाटतं आणि नसतं. त्यापेक्षा थांबलेलं बरं. तेव्हा ती म्हणाली होती, “तुझं बरं आहे. तुला थांबायला पगार मिळतो.”

पिशवी एकदाची भरून झाल्यावर त्याने बाळाला उचललं. “काय ठमाबाई, निघायचं?” त्याचा गाल बाळाच्या गालाला टेकला, आणि तो थांबला. “गरम लागतेय का गं ही?”

“पांघरुणात होती आत्तापर्यंत. त्याची ऊब आहे.”

“बघितलंस तू?”

“मी नाही बघणार तर कोण बघणार?”

“मग ठीक,” तो म्हणाला आणि पायात चपला सरकवू लागला.

इतकं सोपं होतं. खोटं बोलायलाही समोर जरा तोलामोलाचा माणूस लागतो, असं तिच्या मनात आलं. तिने लॅपटॉप मिटला.

पाळणाघराच्या कोपऱ्यावर बाळ तिच्याकडे देऊन तो पुढे ऑफिसला गेला. दारात ताईंनी बाळाच्या कपाळाला हात लावला. तिने श्वास रोखला नाही. श्वास रोखलेली आई ताईंना लांबून ओळखू येते. उलट ती पिशवीतून टोपी काढत राहिली.

“घाम आलाय हो हिला,” ताई म्हणाल्या.

“उन्हातून आलो ना.”

ताईंनी बाळ आत घेतलं. या बाईंना दिवसातून दोनदा तरी फोन करायची हौस होती. आज तिने अमुक खाल्लं नाही, आज ती तमुक बाळाकडे बघून हसली. तिने फोनचा आवाज बंद केला आणि झपाझपा बसस्टॉपकडे निघाली. बाळ आत गेलं तेव्हा रडलं नाही, हे तिच्या लक्षात आलं. एरवी रडायचं. ते लक्षात आलं आणि तिने ते बाजूला ठेवलं.

डेमो म्हणजे नुसता डेमो नव्हता. बाळंतपणाच्या रजेवरून ती परतली तेव्हा मॅनेजरने तिला खोलीत बोलावून, दार लोटून, आवाजात तूप घालून विचारलं होतं, “अर्धवेळ करून बघता का? बाळ मोठं होईपर्यंत. सगळ्यांचीच सोय.” सगळ्यांची म्हणजे त्याची, हे कळायला पदवी लागत नाही. हे टूल सांभाळणाऱ्या बिल्डच्या गटाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली होती आणि ती रजेवर गेली नसती तर ती जागा तिचीच होती. “टूल सुधारून दाखवते,” ती म्हणाली होती. “मग ठरवा, अर्धी की पूर्ण.” आज ते ठरायचं होतं.

मीटिंगची खोली भरली होती. लांब टेबल, कोपऱ्यात सुकलेलं झाड, भिंतीवर मोठा पडदा. मागच्या रांगेत तिचा नवरा बसला होता. तो आता दुसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या गटात होता. पण जुन्या टूलचा कर्ता म्हणून मॅनेजरने त्याला मुद्दाम बोलावलं होतं. ऑफिसात त्याला ‘क्रमशः’ म्हणत. जुन्या मासिकांमधली कादंबरी ऐन रंगात आली की खाली ‘क्रमशः’ यायचं, तसं याचं टूल. आता जमलं म्हणेपर्यंत थांबायचं. ते नाव टेस्टिंगच्या गटातल्या बाईंनी पाडलं होतं. तिने ते घरी नेलं नव्हतं, पण कुणी म्हटलं की हसू मात्र दाबलंही नव्हतं.

“या, क्रमशः!” टेस्टिंगच्या बाईंनी त्याला हाक मारली. “आज तुमचा शेवटचा भाग.”

तो हसला.

तिने आधी जुनं टूल चालवून दाखवलं. पहिला रेपो. मग दुसरा. पडद्यावर एकेक ओळ अशी उमटत होती की जणू कुणी टाक शाईत बुडवून लिहितंय. लोकांनी फोन काढले. चौथ्या रेपोला तिने मुद्दाम वाट अडवून ठेवली होती. टूल तिथे पोचलं आणि लिहिलं: ‘एक रेपो आला नाही. सगळं पुसून पुन्हा सुरुवात करत आहे.’

खोलीत हशा पिकला.

“इमानदार आहे बिचारं,” मॅनेजर म्हणाला.

“इमान आहे, अक्कल नाही,” ती म्हणाली. “एक काम सांगावं तर धड होत नाही, आणि दुसरं सांगायची सोय नाही.”

आणखी हशा. तिच्या अंगात एक हलकेपणा भरला. कितीतरी महिन्यांत खोलीभर माणसं तिच्या बोलण्याची वाट बघत बसली नव्हती. रजेवरून आल्यापासून लोक तिच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलत. आज ते विसरले होते.

तिने स्वतःचं टूल सुरू केलं. सगळ्या ओळी एकदम उमटल्या, एकदम पुढे धावल्या. कुणीतरी शीळ घातली. तेवढ्यात टेबलावर पालथा ठेवलेला तिचा फोन थरथरला. कड उचलून तिने पाहिलं. पाळणाघर.

तिने कड खाली ठेवली. “आता इथे बघा. चौथ्याची वाट अजून अडलेलीच आहे. पण बाकीचे थांबलेत का?”

फोन पुन्हा थरथरला, लाकडावर जरासा सरकला. तिने त्यावर वही ठेवली. ताईंना सांगायचं असेल झबलं ओलं झालं म्हणून. किंवा औषधाचा अंमल. इतक्यात उतरायला नको होता. आता जेमतेम थोडा वेळ. एवढं झालं की ती निघणारच होती.

फोन शांत झाला, आणि मागच्या रांगेत दुसरा वाजला.

त्याने तो कानाला लावला. पाठ वळवून, हळू आवाजात, पण खोली लहान होती. “हो... हो. किती? ... आलोच.” तो उठला तेव्हा खुर्ची मागे आपटली. मांडीवरचा लॅपटॉप त्याने खुर्चीत तसाच उघडा ठेवला, डबा तसाच, आणि टेबलाला वळसा घालून दाराकडे निघाला. जाताना त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं की तिला कळलेलं नाही. तिचा डेमो चालू आहे, तिला आत्ता सांगू नये. त्याने हात जरासा वर केला, तू चालू दे, अशा अर्थाने, आणि गेला.

“अहो क्रमशः, पुढचा भाग?” टेस्टिंगच्या बाई म्हणाल्या.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. नवरा मध्येच उठून गेला, तर बायको काय म्हणते ते बघायला. पडद्यावर ओळी हिरव्या होत होत्या. काहीतरी म्हणायला हवं होतं.

“चालायचंच,” ती म्हणाली. “एक अडलं की हातातलं सगळं टाकून पळत सुटायचं. टूलमध्ये तेच तर लिहिलंय.”

या वेळचा हशा सगळ्यांत मोठा होता. मॅनेजरने डोळे पुसले. पडद्यावर शेवटची ओळ आली: ‘राहिलेलं वगळून पुढे. काम पूर्ण.’ टाळ्या वाजल्या. मॅनेजर उठून तिच्याजवळ आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला की अर्धवेळाचा विषय त्याच्या बाजूने संपला, प्रमुखाची जागा तिने सोमवारपासून घ्यावी. ती म्हणाली, “थँक यू.” ती म्हणाली, “वेळ दिलात त्याबद्दल.” मग वही उचलली, फोन घेतला, आणि जिन्यावर आल्यावर पळायला लागली.

रिक्षात बसून तिने ताईंना फोन लावला. बाळाला एकदम ताप चढला, ताई म्हणाल्या, अंग नुसतं भाजत होतं, बाबा आले आणि तसेच घेऊन गेले डॉक्टरकडे. “तुम्हाला दोनदा लावला हो फोन.”

“मीटिंगमध्ये होते.”

“सकाळी बरी होती ना?”

“रेंज नाहीये इथे,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दवाखान्याच्या बाकावर तो बाळाला छातीशी धरून बसला होता. ऑफिसचं कार्ड गळ्यात तसंच. बाळ डोळे अर्धे मिटून, तोंड उघडं टाकून त्याच्या खांद्यावर पडलं होतं. शर्टाचा खांदा ओला झाला होता. तिने बाळाला हात लावला आणि हात मागे घेतला. मग बाकावर, बाकाखाली, त्याच्या पायाशी पाहिलं.

“पिशवी?”

“पाळणाघरातच राहिली.”

“दुसरं झबलं? दूध? फाईल तरी?”

“नाही आणली.”

“मग आणलंस तरी काय?” तिचा आवाज चढला, आणि समोरच्या बाईने मान वर केली.

त्याने खाली बाळाकडे पाहिलं. “हिला,” तो म्हणाला. तो टोमणा नव्हता. त्याने खरंच उत्तर दिलं होतं.

आतून सिस्टर आली. हातात औषधाचं छोटं माप होतं. मघाचंच बोलणं पुढे चालवत ती त्याला म्हणाली, “डॉक्टर बघतायत दोन मिनिटांत, तोवर तापाचं देऊन टाकते. सकाळपासून घरी काही दिलेलं नाही ना? पुन्हा विचारते.”

“नाही. सकाळी ताप नव्हता. असता तर हिने सांगितलं असतं,” त्याने तिच्याकडे मान वळवली. “ही बघते सगळं.”

सिस्टरने बाळाचा गाल दाबून तोंड उघडलं.

“दिलंय,” ती म्हणाली.

सिस्टरचा हात थांबला. “काय दिलंय?”

“तापाचं. घरून निघायच्या आधी.” तिने औषधाचं नाव सांगितलं, किती दिलं ते सांगितलं. आवाज नीट होता. डेमोतला होता. “ताप पहाटेपासून आहे.”

सिस्टरने माप खाली केलं आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “मग हे दोनदा नाही म्हणाले ते? कोणी दिलं?”

तिने तोंड उघडलं. तो तिच्याकडे बघत होता. डोळ्यांत राग नव्हता. काहीतरी एकेक करून जागेवर बसत होतं, ओळीमागून ओळ: गाल, पांघरूण, घाम, वहीखालचा फोन. त्याला वेळ लागत होता. नेहमीच लागायचा. ती थांबली. मग ते बसलं, हे तिला दिसलं.

“मला सांगितलं होतं हिने सकाळी,” तो सिस्टरला म्हणाला. “माझ्याच डोक्यातून गेलं. सॉरी.”

“डोक्यातून गेलं?” सिस्टरने कपाळाला हात लावला. “अहो, बाबा आहात की शेजारी? मी आत्ता वर आणखी दिलं असतं म्हणजे? काल जन्मलेल्या वासराला कळतं एवढंही कळू नये! उठा. द्या तिला आईकडे, आणि तुम्ही बाहेर थांबा जरा, गर्दी नको.”

तो उठला. बाळ तिच्याकडे देताना त्याने मानेखालचा हात काढला नाही, तिचा हात तिथे नीट येईपर्यंत. मग काढला आणि काचेच्या दाराबाहेर गेला.

तेव्हा तिला बोलायचं होतं. एक वाक्य होतं, दोन शब्दांचं, आणि जिभेवर तयार होतं. पण सिस्टर बाळाच्या काखेत थर्मामीटर सरकवत होती, बाकावरची बाई सहानुभूतीने जागा करून देत होती, आणि सगळे तिच्याकडे इतक्या मायेने बघत होते.

“नशीब तुम्ही वेळेवर आलात,” सिस्टर म्हणाली. “सगळ्यांचे असेच हो ताई. एक काम सांगावं तर धड होत नाही.”

ती हसली. दुपारपासून अशा वाक्यांना हसण्याची इतकी सवय झाली होती की हसू आपलं आपण आलं, आणि आल्यावर ते परत कसं घ्यायचं तिला कळेना. ते तसंच तोंडावर ठेवून तिने मान वळवली.

काचेपलीकडे तो उभा होता. ऐकू गेलं की नाही ते चेहऱ्यावरून समजत नव्हतं. दोन्ही हात त्याने अजून खाली सोडले नव्हते. कोपरात वाकवून, छातीजवळ, बाळाच्या मापाचे, रिकामे धरून तो उभा होता.